दोन काटे

नगर जिल्ह्यातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याशी पाणी, खत, मजुरी, भाव अशा कुठल्याही विषयावर तुम्ही खुशाल बोला. तो शांतपणे बोलेल. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे नाव काढा आणि त्याचा आवाज कसा बदलतो ते पाहा. वर्षभर राबून वाढवलेला ऊस काट्याने एकदा कमी भरवला, की तो कमीच. लोखंडाशी वाद घालणार कोण? म्हणून तिकडे फसवणुकीला ‘काटा मारला’ असे सर्रास म्हणतात.

मला आज लिहावयाचे आहे ते उसाविषयी नव्हे, माणसाच्या वजनाविषयी. फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय काढला म्हणून वाचकभगिनींनी रागावू नये. खरे पाहता दिवाळीइतका या विषयाला योग्य असा दुसरा मुहूर्त नाही. चार नातेवाईक एकत्र जमले की कोण किती सुटले आणि कोण किती वाळले याचा हिशेब सर्वांत आधी होतो, आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तो चालू राहतो.

माणसाला वजन करणारे काटे दोन. एक दवाखान्यातला. तो किलो सांगतो आणि गप्प बसतो. दुसरा मनातला. आपण किती किमतीचे, हे तो सांगतो आणि गप्प म्हणून बसत नाही. पहिला काटा हल्ली शस्त्रक्रियेने खाली आणता येतो. दुसरा कसा दुरुस्त करावयाचा, हे मी माझ्या मावसबहिणीच्या उदाहरणावरून शिकले. तिच्या परवानगीने, पण नाव न घालता, ते इथे सांगते.

ही माझी ताई तिसगावची. नगरहून पाथर्डीला निघाले की करंजीचा घाट ओलांडल्यावर, पाथर्डीच्या अलीकडे हे बाजाराचे गाव लागते. जवळच मढीला कानिफनाथांचे देवस्थान आहे. तिथल्या यात्रेतला गाढवांचा बाजार महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पाथर्डी तालुका अवर्षणाचा. इथली हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा मुलखात अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, असा पूर्वापार समज. त्यामुळे ताईच्या लठ्ठपणाचे कौतुक आणि कुचेष्टा दोन्ही एकाच तोंडाने होत. “बाईंना काय कमी आहे?” असे म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे.

ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिलीच्या मुलांना हाताला धरून अक्षर गिरवायला लावणे हे तिचे काम, आणि त्यात तिचा हातखंडा. पण शाळेच्या दर वर्षीच्या फोटोत ती मागच्या रांगेत, त्यातही दोघींच्या आड उभी. एसटीत दोघांच्या बाकावर ती बसली की शेजारचा उठून जाई. चाळिशीच्या आत मधुमेह, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. वजन एकशे अठरा किलो. उपास, काढे, चालणे, सगळे झाले होते. वजन उतरे आणि व्याजासकट परत येई.

शेवटी २०२१ च्या डिसेंबरात पुण्याच्या एका रुग्णालयात तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. हा शब्द मराठी घरांत पुष्कळांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो बहुधा २०११ साली. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी त्या वर्षी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पण विद्या जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. व्रणासाठी जठराचा भाग काढून टाकलेले रोगी पुन्हा जाड होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. हल्ली आपल्याकडे दुसरी पद्धत फार चालते. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. त्याने पोट लवकर भरते, शिवाय भूक जागवणारा एक अंतःस्राव घटतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या स्थूल माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा हा केवळ नटण्यामुरडण्याचा मामला आहे, असे कुणी समजू नये.

ताईचे वजन भराभर उतरले. दीड वर्षात एक्केचाळीस किलो गेले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. ती करंजीपर्यंत एसटीने दोघांच्या बाकावर बसून गेली आणि शेजारची बाई उठली नाही, हे तिने मला फोन करून सांगितले. आम्हां सर्वांना वाटले, जिंकले! दाजींनी पेढे वाटले. (ताईने त्यातला एकही खाल्ला नाही, हे सांगावयास नकोच.)

आणि इथूनच दुसऱ्या काट्याची गोष्ट सुरू होते.

चौथ्या महिन्यात तिचे केस गळू लागले. वजन झपाट्याने उतरले की असे होते आणि बहुतेकांचे केस पुढे पुन्हा येतात. पण फणीत आलेला झुपका पाहताना हे शास्त्र आठवत नाही. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबू लागली. ती ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचे झंपर घालू लागली. लग्नाच्या पंगतीत ती चतकोर भाकरी आणि वाटीभर आमटी घेऊन बसली, तर वाढपी म्हणाला, “बाई, आजारी का?” दिवाळीत आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, प्रेमाने एक करंजी आणि दोन अनारसे खाऊ घातले. अर्ध्या तासात तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, ती आडवी झाली. गोड पदार्थ लहान झालेल्या पोटातून एकदम आतड्यात उतरला की काहींना असा त्रास होतो. आत्याबाई रडू लागल्या आणि ताई त्यांची समजूत घालत बसली.

लोकांचे बोलणे दोन प्रकारचे होते. एक म्हणत, “यात हिची कसली बहादुरी? पोट कापून घेतलं की कुणीही बारीक होईल.” यांना मी एवढेच सांगेन, की कापून घेतलेले पोट घेऊन जन्मभर जगावे लागते. दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग थोडेथोडे घन. प्रत्येक जेवणात आधी प्रथिने. जेवता जेवता पाणी नाही. लोह, कॅल्शियम, ड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे कायमची. दर वर्षी रक्ततपासणी. याला आडवाट म्हणणाऱ्याने ती वाट एक महिना चालून पाहावी.

दुसरा प्रकार कौतुकाचा, आणि ताईला तोच जास्त बोचला. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “अगं बाई, ओळखूच आला नाहीत! आता कशा माणसात आल्यासारख्या दिसता!” ताई हसली. रात्री मला फोनवर म्हणाली, “अठरा वर्षं मी पोरांना बाराखडी शिकवली, तेव्हा मी कशात होते गं?”

मला उत्तर सुचले नाही. पण विचार करता करता मुंबईतली एक जुनी बातमी आठवली. २०१७ च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून ‘भारी’ बंदोबस्तावर कोटी केली होती. सारा देश हसला. अधिकारी मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेश पोलिसातला निरीक्षक होता. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, वजन पुष्कळ उतरले आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांनी सुखान्त म्हणून छापली. मला मात्र वाटत राहिले: तो आपल्या कामात कसा होता, हे हसताना कुणी विचारले नव्हते आणि कौतुक करतानाही कुणी विचारले नाही. दोन्ही वेळा काटा तोच होता. जो काटा कालपर्यंत आपल्याला कमी भरवत होता, त्याच काट्याने आज जास्त भरवले म्हणून आनंद मानला, की उद्या तो पुन्हा फिरेल ही धास्ती कायमची मानेवर बसते.

ही धास्ती काल्पनिक नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अशी शस्त्रक्रिया झालेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या उपचारांसाठी येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीपेक्षा सुमारे दीडपट झाल्याचे त्यात आढळले, आणि बहुतेक प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले होते. अशा रुग्णांची संख्या थोडी होती, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय होते? वजन उतरणे थांबलेले असते. कौतुक करणारे कंटाळलेले असतात. आणि बारीक झालो की सगळे ठीक होईल, असे ज्या ज्या गोष्टींबद्दल वाटले होते, त्यांतल्या काही तशाच असतात.

अशा वेळी घरचे काय करू शकतात? प्रेम करू शकतात. आमच्या दाजींनी ते भरपूर केले. पण दाजी अंगाने काठीसारखे. त्यांना आयुष्यात एसटीच्या बाकाचा विचार करावा लागलेला नाही. डॉक्टर मोठे, पण त्यांच्याकडे वेळ दहा मिनिटे. उरते कोण? जे त्याच वाटेने गेले आहेत ते.

ही गोष्ट जगाला पूर्वीच उमगली आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दारूने बुडालेले दोन गृहस्थ, एक शेअर दलाल आणि एक शस्त्रवैद्य, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. १९६१ साली न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीने आपल्यासारख्याच लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावले. कारण आहारतज्ज्ञाने दिलेला कागद तिच्याजवळ होता, पण चोरून खाल्लेल्या बिस्किटांविषयी बोलायला कुणी नव्हते. आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे नव्यांना हात देऊ लागली. इतके लांब तरी कशाला जावे? गावोगावच्या बायकांचे बचत गट याच तत्त्वावर चालतात. गरज सारखी, वर्गणी सारखी, वही सर्वांसमोर उघडी. कुणी सावकार नाही आणि कुणी कूळ नाही.

ताईला तिचा गट मिळाला तो पुण्यात तपासणीला गेली असताना, आहारतज्ज्ञाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिथे संगमनेरच्या बँकेतल्या एक रोखपाल बाई, बारामतीच्या एक शिवणकाम करणाऱ्या, एसटीतून निवृत्त झालेल्या एक वाहक बाई, आणि आणखी दोघी बसल्या होत्या. बोलता बोलता केस गळण्याचा विषय निघाला. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, “माझी तर उशी भरली असती!” आणि सहाही जणी हसल्या. ताई सांगते, शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदा त्या दिवशी मोकळी हसली.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी या सहाजणी फोनवर, एकमेकींचे चेहरे दिसतील अशा, एकत्र येतात. त्यांनी चार नियम केले आहेत. पहिला, कुणी कुणाला वजन विचारायचे नाही. सांगावेसे वाटले तर सांगावे. दुसरा, औषधाचा आणि दुखण्याचा सल्ला डॉक्टरांचा, गटाचा नव्हे. तिसरा, आधीचे आणि नंतरचे असे जोडीचे फोटो लावायचे नाहीत, कारण आधीच्या फोटोतली बाईही आपणच. आणि चौथा, ज्या दिवशी यावेसे वाटणार नाही, त्या दिवशी यायचेच.

या चौथ्या नियमाची परीक्षा २०२४ साली झाली. ताईचे सात किलो परत आले. वजन थोडे परत येणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. शरीराला आपले जुने वजन प्यारे असते. ते कमी झाले की शरीर खर्च आवरते आणि भूक वाढवते. ताईला हे पाठ होते. पण सात किलो म्हणजे तिच्या मनाच्या काट्यावर एकशे अठरा. तिने फोन घेणे बंद केले. एक रविवार गेला, दुसरा गेला. दाजींना म्हणाली, “डोकं दुखतं.” मला म्हणाली, “तपासण्या आहेत पोरांच्या वह्यांच्या.” शाळेतून आली की ती दार लावून पडू लागली, आणि दाजींचा एक दिवस मला घाबरा फोन आला.

मी निघायच्या आतच एक बाई तिसगावला पोहोचल्या होत्या. एसटीतल्या त्या वाहक बाई. आधी कळवले नाही. कळवले असते तर ताईने नको म्हटले असते. नगरला गाडी बदलून भरदुपारी त्या दारात उभ्या राहिल्या, आणि पाणी प्यायल्यावर पहिले वाक्य बोलल्या, “माझे अकरा आलेत परत. तुमचे किती?”

ताई आधी गप्प बसली. मग म्हणाली, “सात.”

“मग रडायचा मान माझा आधी,” बाई म्हणाल्या.

त्या दोन दिवस राहिल्या. उपदेश केला नाही. ताईबरोबर शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसल्या आणि पहिलीच्या पोरांना तिने ‘ठ’ कसा शिकवला ते पाहिले. संध्याकाळी म्हणाल्या, “बाई, तुमच्या वर्गात एक पोर बोलत नाही, दिवसभर तुमच्या पदराला धरून असतं. ते काय तुमचं वजन बघून धरतं का?” नंतर दोघी मिळून पुण्याला गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले, आहारतज्ज्ञाने ताट पुन्हा मांडून दिले, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडेही चार वेळा जाणे झाले. हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे. जिवाभावाची सोबत हा औषधाला पर्याय नव्हे; औषधापर्यंत माणसाला नेऊन पोहोचवणे हे सोबतीचे काम.

पुढे त्या सातांतले तीन किलो गेले, चार राहिले. ताई त्यांचा हिशेब मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. शाळेच्या त्या वर्षीच्या फोटोत ती पुढच्या रांगेत, खुर्चीवर बसली आहे आणि ते न बोलणारे पोर तिच्या पायाशी आहे. शेवगावकडच्या एका बाईंची अशीच शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आदल्या रात्री त्यांना फोन ताईने केला. “केस गळतील, घाबरू नका,” एवढेच म्हणाली.

हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शनेही आपल्याकडे आली आहेत. २०२५ पासून त्यांचा बोलबाला वाढला आहे. शस्त्रक्रिया असो की इंजेक्शन, पहिल्या काट्याची सोय विज्ञान करीत आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या शंभरातल्या सुमारे चोवीस स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या आढळल्या. म्हणजे तुमच्या-माझ्या घराच्या चौकटीतही हा प्रश्न आहेच. दुसऱ्या काट्याची सोय मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून या दिवाळीत एक करावे. फराळाला येणाऱ्यांत कुणी पूर्वीपेक्षा बारीक झालेली असेल किंवा सुटलेली असेल, तर तिच्या अंगाविषयी चांगले किंवा वाईट काहीच बोलू नये. तिने अर्धीच चकली घेतली तर अर्धीच घेऊ द्यावी. आग्रहाची वाटी दुसरीकडे न्यावी. ती करते त्या कामाविषयी विचारावे, मुलांविषयी विचारावे, नुकतेच काय वाचले ते विचारावे. आणि ती या वाटेवर असल्याचे तिने आपणहून सांगितलेच, तर त्याच वाटेवरची दुसरी कुणी ठाऊक असल्यास, त्या दोघींची संमती घेऊन, गाठ घालून द्यावी. यासाठी संस्था लागत नाही, कार्यालय लागत नाही. रुग्णालयातले एक बाक पुरते.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.